नांगर, पाखरू आणि अनुस्वार

आमच्या छापखान्यात तो मुद्रितशोधक होता, म्हणजे छापायला जाण्याआधी प्रुफं वाचून त्यातल्या चुका काढणारा. त्याचं खरं नाव हजेरीपत्रकापुरतं. बाकी सगळे त्याला अनुस्वार म्हणायचे. बुटका, गोल आणि कुणाच्याही डोक्यावर जाऊन बसणारा. शिवाय गळालेला अनुस्वार त्याला दोन हातांवरून दिसायचा. मी बायंडिंगला होतो. माझं टेबल त्याच्या टेबलाला लागून, त्यामुळे एकतीस वर्षं त्याचं पुटपुटणं माझ्या कानावर पडत होतं. पुढे जे घडलं त्यातलं काही मी पाहिलं, काही त्याच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी सांगितलं, आणि सगळ्यात लाजिरवाणं जे होतं ते त्याने स्वतःच मला सांगितलं.

त्याच्या कामाचं असं होतं की ते चांगलं झालं की दिसायचंच नाही. पुस्तक हातात घेऊन कुणी म्हणत नाही, वा, एकही चूक नाही. एखादी चूक राहिली की मात्र मुद्रितशोधकाचा उद्धार होतो. जुळारीबाईंचं तसं नव्हतं. त्या आधी शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायच्या, पुढे तेच काम कॉम्प्युटरवर करायला लागल्या, पण जुळारी हे नाव चिकटलं ते चिकटलंच. पान किती मोकळं ठेवायचं, मथळ्याभोवती किती जागा सोडायची, याची बाईंना उपजत जाण होती. लेखक यायचे, पान बघायचे आणि म्हणायचे, बाई, डोळे निवले. त्याच पानावरच्या सतरा चुका काढलेला अनुस्वार तिथेच उभा असायचा. त्याच्याकडे कुणाचं लक्षही जायचं नाही. तो लाल पेनाला टोपण लावायचा, पुन्हा काढायचा, पुन्हा लावायचा.

बाईंनी त्याच्याशी कधी वाद घातला नाही. त्याने लाल करायचं, त्यांनी दुरुस्त करायचं. तेसुद्धा त्याला खुपायचं. एकदा मला म्हणाला होता, “भांडली असती तर बरं झालं असतं. निदान कळलं असतं की मी काहीतरी करतो.”

मग छापखाना बंद झाला आणि आम्ही सगळे घरी बसलो.

अनुस्वारची मुलगी दुसऱ्या शहरात एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत कामाला आहे. तिने आपला जुना कॉम्प्युटर बापाला आणून दिला. तो इतका जुना की बाजारातली नवी ऑपरेटिंग सिस्टिम त्याला झेपेना. म्हणून तिने त्यात एक मुक्त सिस्टिम घातली. ही फुकट असते, जगभरातले लोक मिळून बनवतात, तिचं सगळं आतलं काम उघडं असतं, कुणीही बघावं आणि चुकलेलं कुणीही दुरुस्त करावं, असं तिने समजावलं. बाकी सगळं अनुस्वारच्या डोक्यावरून गेलं. दुरुस्त हा एक शब्द मात्र त्याने बरोबर पकडला.

त्या सिस्टिमचं नाव लांबलचक आणि परकं होतं. सुरू होताना पडद्यावर जहाजाच्या नांगराचं चित्र यायचं, म्हणून घरात तिचं नाव नांगर पडलं. पाहुणे हटकून विचारायचे, मग बैल कुठे आहेत. नांगर जहाजाचा आहे, शेतातला नाही, हे अनुस्वार दर वेळी तितक्याच गंभीरपणे सांगायचा.

नांगरमधले शब्द अर्धे आपल्या भाषेत होते, अर्धे इंग्रजीत तसेच राहिले होते. कुणीतरी पूर्वी भाषांतर सुरू करून मध्येच सोडून दिलं होतं. जे होतं त्यात ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नव्हता. पहिल्या आठवड्यात त्याने दोनशे बारा चुका कागदावर उतरवून काढल्या आणि मुलीला फोन केला. तिने त्याला भाषांतराची साइट दाखवली. डावीकडे मूळ वाक्य, उजवीकडे आपलं, आणि खाली बारीक अक्षरात ज्याने भाषांतर केलं त्याचं नाव. अनुस्वारने ती बारीक ओळ बराच वेळ वाचली. एकतीस वर्षांत त्याचं नाव कुठल्या पुस्तकावर छापलं गेलं नव्हतं.

त्यानंतर चार वर्षं त्याने दुसरं काही केलं नाही म्हटलं तरी चालेल. रोज सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून कॉम्प्युटरसमोर बसायचा. जवळजवळ अकरा हजार वाक्यं त्याने एकट्याने आपल्या भाषेत आणली. शब्दकोश उघडून, व्याकरण लावून, प्रत्येक शब्द तोलून. मी गेलो की मला वाचून दाखवायचा. “सदर धारिका कायमस्वरूपी हटविण्याबाबत आपली खात्री आहे काय?” आणि माझ्या तोंडाकडे बघायचा. मी म्हणायचो, झकास. खरं सांगायचं तर मला वाटायचं, कुणीतरी आपल्याला नोटीस पाठवली आहे.

आमच्या वस्तीत एक वाचनालय आहे. तिथे बारा कॉम्प्युटर होते, तेही म्हातारेच. ग्रंथपाल उंच, हळू बोलणारे गृहस्थ. त्यांना त्या कॉम्प्युटरांवर एखादी मुक्त सिस्टिम घालायची होती. नांगरचं काम इथलाच एक माणूस करतो हे कळल्यावर त्यांनी अनुस्वारला बोलावून घेतलं. तो नवा शर्ट घालून गेला. ग्रंथपालांनी मानाने बसवलं, चौकशी केली आणि मग सांगितलं की विचार दोन सिस्टिमचा चालू आहे. दुसरीच्या सुरुवातीला एक छोटा पक्षी येतो. तिचं भाषांतरही आपल्याच वस्तीत झालंय.

“तुम्हाला माहीत नाही?” ग्रंथपाल म्हणाले. “तुमच्याच छापखान्यातल्या जुळारीबाई.”

अनुस्वार घरी आला तो चपला न काढताच खुर्चीत बसला. वहिनींनी दोनदा विचारलं तेव्हा म्हणाला, “ती बाई शुद्ध लिहू शकत नाही. मी आयुष्यभर तिचं शुद्ध केलंय.” वहिनी म्हणाल्या, मग आता तिचं तिने शिकून घेतलं असेल. हे काही त्याला बरं वाटण्यासारखं उत्तर नव्हतं.

ग्रंथपालांनी ठरवलं ते सरळ होतं. खिडकीकडच्या सहा कॉम्प्युटरांवर नांगर, भिंतीकडच्या सहांवर पाखरू. पाखरू हे नाव वाचनालयातल्या लोकांनीच पाडलं. तीन महिने दोन्ही वापरून बघायचं, सगळं वहीत लिहायचं आणि मग एक ठेवायचं. दोन्हींचा आतला गाभा एकच आहे, असं त्यांनी वाचकांना समजावलं. फरक असा की नांगर बनवणारे लोक फार सावध. दोन-तीन वर्षांनी एकदा नवी आवृत्ती काढतात, तीही शंभरदा तपासून. पाखरूवाले दर सहा महिन्यांनी नवं आणतात. पाखरू दिसायला देखणं, अक्षरं मोठी, प्रिंटर आपणहून ओळखतं. नांगर करडा, जुन्या पद्धतीचा, प्रिंटर त्याला हाताने सांगावा लागतो. पण नांगर जुन्या कॉम्प्युटरवर चटकन सुरू होतो आणि पाखरूला पंख झटकायला दोन-अडीच मिनिटं लागतात.

अनुस्वार रोज वाचनालयात जाऊन बसायला लागला. समोर वर्तमानपत्र धरायचं आणि खुर्च्या मोजायच्या. भिंतीकडे वारा लागत नाही, उजेड कमी, आणि तरी तिकडच्या सहा खुर्च्या आधी भरायच्या. शिवणकाम करणारी एक बाई माप लिहायला यायची, ती भिंतीकडे. एक निवृत्त पोस्टमन नातीला पत्र लिहायला यायचा, तोही भिंतीकडे. खिडकीकडे कोण, तर ज्यांना भिंतीकडे जागा मिळाली नाही ते. ते लोक बसल्या जागेवरून माना वळवून बघायचे, भिंतीकडचं कुणी उठतंय का. अनुस्वार मला म्हणाला, “माझ्या घरी जेवायला बसलेला माणूस शेजारच्या घरात काय शिजलंय ते हुंगतोय, असं वाटतं मला.”

एके सकाळी वाचनालय उघडल्या उघडल्या तो गेला. कुणी नाही असं बघून भिंतीकडच्या एका खुर्चीत बसला आणि पाखरू सुरू केलं. त्याच्या मनात होतं की अशुद्धलेखनाची खाण सापडेल.

पाखरू सुरू होताना पडद्यावर आलं, “जरा थांबा.” त्याच्या नांगरवर होतं, “कृपया प्रतीक्षा करा.” त्याने एक मजकूर लिहून तो साठवायचं बटण शोधलं. नांगरवर तिथे “जतन करा” होतं. इथे नुसतं “ठेवा”. रद्द करण्याच्या जागी “राहू दे”. मग त्याने तो मजकूर काढून टाकायला घेतला. पाखरूने विचारलं, “हे काढून टाकायचं, नक्की ना?”

नक्की ना. तो त्या दोन शब्दांकडे बघत बसला. त्याला राग आला. असं कॉम्प्युटर बोलतो का? ही काय भाषा झाली? आणि त्या रागाच्या खाली काहीतरी बारीक, तापलेलं असं पोटात फिरलं. ते काय होतं हे त्याला चांगलं माहीत होतं. लेखक बाईंचं पान बघून डोळे निवले म्हणायचे तेव्हाही ते तिथेच, बरगड्यांच्या खाली डाव्या बाजूला उठायचं.

त्यात भर घातली वहिनींनी. ग्रंथपालांनी नवशिक्यांसाठी आठवड्यातून दोनदा शिकवणी सुरू केली होती. वहिनींनी नाव घातलं. चार वर्षं घरात नांगर असून त्यांनी त्याला हात लावला नव्हता, म्हणून अनुस्वार खूश झाला. तिसऱ्या दिवशी तो वर्तमानपत्राआडून बघतो तर वहिनी भिंतीकडे बसलेल्या. मुलीला स्वतःच्या हाताने निरोप लिहीत होत्या आणि हसत होत्या. त्याने पेपर इतका वर धरला की शेजारच्या माणसाला वाटलं याची नजर गेली.

दुसऱ्या दिवशी त्याने पाखरूच्या भाषांतराच्या साइटवर खातं उघडलं. स्वतःच्या नावाने नाही. “एक वाचक” या नावाने.

तिथे कुणालाही भाषांतराबद्दल तक्रार नोंदवता येत होती. अनुस्वारने नोंदवायला सुरुवात केली. रोज चार-पाच. पहिल्या दिवशी त्याने लिहिलं की ‘नक्की ना’ ही बोलण्याची भाषा आहे, ती यंत्राच्या तोंडी शोभत नाही. संध्याकाळी बाईंचं उत्तर आलं, की सूचनेबद्दल आभार, पण वापरणारी माणसं बोलणारीच आहेत म्हणून तसं ठेवलं, आणखी कुणाला खटकलं तर जरूर बदलू. त्याने लिहिलं, ‘ठेवा’ फार मोघम आहे. बाईंनी लिहिलं, आपण घरात वस्तू ठेवा म्हणतो, जतन करा म्हणत नाही. त्याने खरोखरच्या चुकाही काढल्या. वेलांट्या, उकार, एका ठिकाणी अनेकवचनावरचा सुटलेला अनुस्वार. त्या सगळ्या बाईंनी त्याच दिवशी दुरुस्त केल्या आणि प्रत्येकीखाली धन्यवाद लिहिलं.

धन्यवाद वाचलं की त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. इतक्या वर्षांत त्याला छापखान्यात कुणी धन्यवाद दिले नव्हते, आणि आता मिळत होते ते ‘एक वाचक’ला.

सगळ्यात मोठा घाव आपण घातला असं त्याला वाटलं ते एका वाक्यावर. कॉम्प्युटर मध्येच अडकला की मूळ इंग्रजीत एवढंच यायचं, चूक झाली आहे. नांगरवर अनुस्वारने लिहिलं होतं, “त्रुटी उद्भवली आहे.” बाईंनी लिहिलं होतं, “काहीतरी अडलं. तुमचं लिहिलेलं सुरक्षित आहे.” अनुस्वारने ठणकावून लिहिलं की दुसरं वाक्य मुळात नाहीच. भाषांतरकाराने पदरचं घालू नये, हा वाचकाचा विश्वासघात आहे. या वेळी बाईंचं उत्तर दोन दिवसांनी आलं. त्यांनी लिहिलं होतं की अडकल्यावर लोक घाबरतात, हे त्यांनी वाचनालयात बघितलं. म्हणून त्यांनी पाखरू बनवणाऱ्यांना पत्र लिहून विचारलं, अशा वेळी लिहिलेलं खरंच राहतं का. ते म्हणाले राहतं. तरी खात्री व्हावी म्हणून त्यांनी स्वतः नऊ वेळा मुद्दाम सिस्टिम बंद पाडून पाहिली. नऊही वेळा मजकूर राहिला. मगच वाक्य घातलं.

त्याने हे मला सांगितलं तेव्हा तो खाली बघत होता. म्हणाला, “मी अकरा हजार वाक्यं केली. एकही वाक्य कुणासमोर लावून पाहिलं नाही.”

तरीही त्याने तक्रारी थांबवल्या नाहीत. थांबवल्या असत्या तर हरलो असं झालं असतं. एकूण त्रेसष्ट झाल्या.

अडीच महिने झाले असतील. एक दिवस बाई वाचनालयात आल्या. त्या अधूनमधून यायच्या, लोकांच्या मागे उभ्या राहून कोण कुठे अडखळतं ते बघायच्या आणि एका लहानशा वहीत टिपायच्या. अनुस्वारला बघून त्या त्याच्या टेबलाशी आल्या आणि समोर बसल्या. त्याने पेपर खाली ठेवला. बाईंनी वहिनींची चौकशी केली, मुलीची केली. मग अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, “तुमची प्रुफं मिळतात मला रोज.”

तो म्हणाला, “कसली प्रुफं?”

“ओळ सहा, शब्द तीन, अनुस्वार हवा. असं जगात दुसरं कोण लिहितं हो? पहिल्याच दिवशी ओळखलं मी.”

त्याने खाली ठेवलेला पेपर पुन्हा उचलला. बाई म्हणाल्या, “मला बरंच वाटलं. छापखाना बंद झाल्यापासून माझं कुणी तपासतच नव्हतं. फक्त नाव का लपवलंत ते कळलं नाही.”

तेवढं बोलून त्या उठल्या आणि पोस्टमनच्या खुर्चीमागे जाऊन उभ्या राहिल्या. अनुस्वार पाय ओढत घरी आला. त्या दिवसापासून ‘एक वाचक’ने काही लिहिलं नाही. पण पोटातलं गेलं का? नाही. उलट वाढलं. त्याला वाटत होतं की बाईंनी त्याला चारचौघांत फाडून काढावं. त्यांनी त्याला माफही केलं नाही, कारण त्यांना राग आलाच नव्हता. ज्याच्यावर आपण इतके दिवस जळतो त्याला आपला साधा रागही येऊ नये, याच्याइतकं झोंबणारं काही नसतं असं तो म्हणाला.

तीन महिने संपत आले तसं वाचनालयात सभासद नोंदणीचा आठवडा आला. नेमका त्याच आठवड्यात पाखरूची नवी आवृत्ती येऊन बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीकडच्या तीन कॉम्प्युटरांचा पडदा काळा तो काळाच, आणि चौथ्याला प्रिंटर सापडेना. लोक अर्ज हातात घेऊन रांगेत उभे. खिडकीकडचे सहाच्या सहा नांगर मात्र पहिल्या दिवसापासून एकदाही न रुसता चालू होते. सगळी नोंदणी त्यांच्यावर झाली. अनुस्वार त्या दिवशी पेपर न घेताच बसला होता. आपल्याला आनंद होतोय हे लपवायचा त्याने फारसा प्रयत्न केला नाही. काळ्या पडद्यांसमोर उभ्या असलेल्या बाई त्याने बघितल्या, आणि तो आनंद थोडा कडवट लागला, पण सोडवला नाही.

पुढच्या आठवड्यात ग्रंथपालांनी दोघांनाही बोलावलं. टेबलावर त्यांची वही उघडी होती. ते म्हणाले की सगळं बघता सिस्टिम नांगरच ठेवायची. म्हाताऱ्या कॉम्प्युटरांना तीच मानवते, ती मध्येच नवं काही करत नाही, आणि वाचनालयाला तेच हवं. बाईंनी मान डोलावली. अनुस्वारने खुर्चीत पाठ ताठ केली.

मग ग्रंथपाल त्याच्याकडे वळले. “पण एक अडचण आहे. नांगरवर लोक बसायला तयार नाहीत. भाषा कळत नाही म्हणतात. यंत्र तुमचं ठेवतो, शब्द बाईंचे हवेत. असं करता येतं ना?”

करता येत होतं. दोन्ही सिस्टिम मुक्त होत्या, एकीतलं दुसरीत घ्यायला कुणाची बंदी नव्हती. आणि नांगरच्या भाषांतराचा ताबा अनुस्वारकडे होता, म्हणजे ते त्यानेच करायचं होतं. त्याच्या अकरा हजारांतली रोज दिसणारी जी वाक्यं, ती त्याने आपल्या हाताने पुसायची आणि तिथे बाईंची लिहायची. विचार करून सांगतो, असं म्हणून तो बाहेर पडला.

घरी जेवताना त्याने वहिनींना विचारलं, भिंतीकडे का बसायचीस. इतके दिवस हा प्रश्न त्याने गिळून ठेवला होता. वहिनींनी घास खाली ठेवला. म्हणाल्या, “रागावू नका. तुमच्या त्या नांगरसमोर बसलं की कचेरीत गेल्यासारखं वाटतं मला. काही चुकलं तर आतून कुणीतरी साहेब ओरडेल असं. बाईंच्यात चुकायची भीती वाटत नाही.”

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी दुपारी तो बाईंच्या घरी गेला. एका खोलीचं घर, भिंतीला टेबल, टेबलावर कॉम्प्युटर, आणि शेजारी जुन्या खिळ्यांचा एक ट्रे, ज्यात बाई आता सुया-दोरे ठेवायच्या. त्याने उभ्या उभ्याच विचारलं, “तुमचे शब्द घेतले तर चालतील का?”

बाई म्हणाल्या, “विचारायची काय गरज? घ्या की. मी तुमचे घेतलेतच.”

“माझे?”

“तीनशेच्या वर असतील. समास, ओळअंतर, तळटीप, ठळक. छपाईचे सगळे तुमच्याकडचे. प्रत्येकाखाली लिहिलंय तसं. तुम्ही तर अख्खी यादी वाचलीत, दिसलं नाही?”

दिसलं नव्हतं. त्याने ती यादी चुका शोधायला वाचली होती, आणि त्या तीनशे ठिकाणी चूक नव्हती.

तुम्हाला वाटेल की मग त्याचं मन निवळलं. तसं काही झालं नाही. तो घरी येऊन मला फोनवर म्हणाला, “बघ, नाव द्यायलाही तिला काही वाटत नाही. मला एक ओळ तिच्या नावाने लिहायची तर हात जड होतो.” पण काम त्याने सुरू केलं. तीन आठवडे लागले. एकोणीसशे वाक्यं बदलली. प्रत्येक बदलाखाली बाईंचं नाव लिहिलं. मध्येच एखाद्या शब्दावर अडायचा, बाईंना फोन करायचा, आणि दोघांची अर्धा-अर्धा तास जुंपायची. ‘धारिका’ गेली, ‘फाइल’ आली. ‘परवलीचा शब्द’ त्याने सोडला नाही. बाई म्हणाल्या लोक पासवर्डच म्हणतात, तो म्हणाला म्हणू देत. शेवटी बाईंनी तो ठेवू दिला. आणि ‘हे काढून टाकायचं, नक्की ना?’ मधला स्वल्पविराम त्याने काढून टाकायचं ठरवलं, एक दिवस काढून ठेवला, आणि परत घातला.

वाचनालयातले बाराही कॉम्प्युटर आता नांगरवर चालतात. शिवणवाली बाई खिडकीकडे बसते, तिथे उजेड चांगला आहे म्हणते.

यानंतर दोन महिन्यांनी अनुस्वारला नांगर बनवणाऱ्यांकडून पत्र आलं. त्यांनी लिहिलं होतं की तुमच्या भाषेतून वापरणाऱ्यांची संख्या एकदम वाढली आहे. वापरणाऱ्यांनी भाषा फार आवडल्याचं मुद्दाम कळवलं आहे. पुढच्या आवृत्तीसोबत जे निवेदन जगभर जाईल त्यात तुमचे नाव घेऊन आभार मानायचे आहेत, तरी नाव कसे लिहायचे ते कळवावे.

ते पत्र त्याने दोन दिवस कुणाला दाखवलं नाही, वहिनींनाही नाही. दोन दिवस तो उत्तर लिहायचा आणि पुसायचा. एका उत्तरात फक्त स्वतःचं नाव होतं. एकात दोघांची होती, त्याचं आधी. एकात बाईंचं आधी. मला त्याने हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, दोघांची देण्यात काय वावगं होतं, चार वर्षांची मेहनत तुझीही होतीच. तो म्हणाला, “त्यांना जे आवडलं ते माझं नव्हतं. ते मला माहीत होतं. बाकीच्यांना नसतं कळलं, पण मी वाचणारा माणूस आहे, मला चूक दिसली असती.”

शेवटी त्याने एकच नाव पाठवलं. नीट, शुद्ध, पत्त्यासह. आणि बाईंना काही कळवलं नाही.

महिन्याभराने बाई त्याच्या घरी आल्या. मी तेव्हा तिथेच होतो. त्यांच्या हातात नांगरवाल्यांच्या निवेदनाचा छापून घेतलेला कागद होता, आणि त्यात त्यांचं नाव आपल्या लिपीत होतं. परदेशातून कुणी आपलं नाव घेऊन आभार मानले, यावर त्यांचा विश्वासच बसत नव्हता. मी तर पाखरूचं काम करते, नांगरमध्ये माझे नुसते शब्द घेतलेत, मग नांगरवाल्यांनी आभाराला माझंच नाव का निवडलं असेल, असं त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. वहिनींनी कागद हातात घेऊन वाचला आणि नवऱ्याकडे बघितलं. अनुस्वारने कागद घेतला. चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचला. त्याचा कान लाल झालेला मला दिसला, आणि हात आपोआप खिशातल्या पेनाकडे गेला होता.

“छान आहे,” तो म्हणाला. “तुमच्या आडनावात उकार चुकलाय. मी कळवतो त्यांना.”

बाई गेल्यावर मी त्याला विचारलं, आता तरी बरं वाटतंय का. त्याने पेनाचं टोपण काढलं. मग म्हणाला, “नाही. दुखतंच आहे.” आणि उकाराबद्दलचं पत्र लिहायला बसला.